परवाची पोज

घर दाखवायला घरमालकांनी आम्हाला आधी मागच्या अंगणात नेलं आणि पहिली अट घातली ती अशी: सकाळी दहापर्यंत इथं पांढरं कापड वाळत घालायचं नाही. दुसरी अट, अंगणात मोठ्यानं बोलायचं-हसायचं नाही. तिसरी अट त्यांना आठवेना. म्हणाले, "ती परवा सांगतो."

मी नगरकडची. माझ्या माहेरी परवा म्हणजे परवा. कालच्या आदला दिवस, नाहीतर उद्याच्या पुढचा. मी भाबडी, दोन दिवस त्या तिसऱ्या अटीची वाट बघत बसले. ती आली नाही. तिसऱ्या दिवशी मीच विचारायला निघाले तर आमचे हे हसायला लागले. ह्यांचं गाव बीडकडचं, पण शाळा सगळी उर्दूतली आणि नोकरी हैदराबादच्या कचेरीत. म्हणाले, "अगं, इथलं परवा म्हणजे तुझ्या नगरचं परवा नव्हे. इथं जे जे झालं ते परवा झालं. कालचं नसलं म्हणजे परवाचं. मग दहा वर्षांपूर्वीचं का असेना."

"आणि व्हायचं असेल ते?"

"ते पण परवाच," हे म्हणाले.

अंबरपेठेतलं ते घर. पुढं रस्ता, मागं गवताचं रान, म्हशींचे दोन गोठे आणि पलीकडं मुसी नदी. रानातून तारेचे खांब गेलेले. मी घरमालकांना काका म्हणायची. सुलतान बाजारात त्यांना सगळे उस्ताद म्हणत. तिथं कापडदुकानांच्या मागच्या बोळात, अरुंद जिना चढून गेलं की त्यांचा फोटो स्टुडिओ. उंच, वाळका माणूस. मान जरा पुढं काढलेली, एक डोळा कायम अर्धा मिटलेला. अंगात मातकट रंगाचा सदरा, सणावारीसुद्धा तोच. चालताना पावलाचा आवाज म्हणून नाही. मी भाजी निवडत बसलेली असायची आणि एकदम कानाशी "बेटी, चहा है क्या?" असं यायचं. दोनदा तरी माझ्या हातून सूप उडालंय.

माणसांचे फोटो ते दोन मिनिटांत काढत. नवरदेव असो, कलेक्टर असो, "हनुवटी खाली, सांस रोको, झालं." एकदा मी म्हटलं, काका, जरा तरी वेळ द्यावा की. म्हणाले, "माणसाला काय वेळ द्यायचा? तो पोज घरून घेऊन येतो, आरशात बघून. पक्षी आरसा बघत नाही."

पक्ष्यासाठी मात्र वेळच वेळ. एका खंड्यापायी ते सात आठवडे बसले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. रानाच्या कडेला एक खुंटी रोवलेली, तिच्यापासून हातभर अंतरावर तिकाटण्यावर लाकडी कॅमेरा, त्यावर गोणपाट आणि बाभळीचे डहाळे. कॅमेऱ्यापासून एक लांबलचक रबरी नळी निघायची ती थेट त्यांच्या झोपडीत. झोपडी कसली, ताडपत्री आणि काकूंची दोन जुनी हिरवी लुगडी. आत तिवईवर काका. नळीच्या टोकाला रबरी फुगा, तो मुठीत. पक्षी खुंटीवर हवा तसा बसला की फुगा दाबायचा, तिकडं कॅमेरा चालायचा. मी चहाचा कप लुगड्यापाशी ठेवायची. निऱ्यांतून एक हात बाहेर यायचा आणि कप आत जायचा. लग्न करून हैदराबादला आले ते हे बघायला, असं मी आईला लिहिलं होतं.

पोजेच्या बाबतीत तर विचारूच नका. मला चांगले वाटलेले कितीतरी फोटो त्यांनी नापास केले. एका बुलबुलाचा बघून म्हणाले, "हा बसला नाही, नुसता टेकलाय." वेड्या राघूच्या चोचीत माशी होती, तर म्हणे जेवणाऱ्याचा फोटो काढू नये, वाईट दिसतं. एक बगळा तर काय सुरेख आला होता! मान वळवून, ऐटीत. त्यालाही नकार. "हा मला बघतोय बेटी. मला बघणारा पक्षी कामाचा नाही. त्याला वाटलं पाहिजे, इथं कुणीच नाही."

आणि सगळ्यांच्या वर तो पिट्टा. आपण ज्याला चाष म्हणतो, कुणी नीलकंठ म्हणतात, तो. तेलुगूत पालापिट्टा. तारेवर बसला की अगदी मळकट, कचेरीत डुलकी काढणाऱ्या कारकुनासारखा. पण पंख उघडले की जो काही निळा बाहेर पडतो ना, माझ्या तोंडून पहिल्यांदा "अगं बाई!" असं निघालं होतं आणि दुसरी अट मोडली होती. काकांना हवी होती ती त्याची एकच पोज. खुंटीवर उतरताना दोन्ही पंख पुरते उघडे, छाती कॅमेऱ्याकडं. बाकी सगळे पक्षी सराव, म्हणायचे, पिट्टा म्हणजे इम्तिहान.

"पण काका, फोटो तर काळापांढरा. निळा दिसणार कुठं?"

"निळ्याचं काम घरात आहे," म्हणाले आणि हनुवटीनं काकूंकडं दाखवलं.

काकू ठेंगण्या, गोल, तोंडात पान. त्या काळात रंगीत फोटो हवा असला की काळ्यापांढऱ्यावर हातानं रंग भरत, ते काम काकूंचं. खिडकीशी पाट, पाटावर रंगांच्या चिमुकल्या बाटल्या, काडीला गुंडाळलेला कापूस. हैदराबादेतल्या अर्ध्या मराठी नवरदेवांच्या गालांना गुलाबी माझ्या हातची, असं त्या सांगायच्या. सुलतान बाजारातले लोक त्यांना रंगवाली अम्मा म्हणत, आणि त्या रस्त्यानं निघाल्या की बांगड्यावालेसुद्धा उठून सलाम करत. बाटल्यांत एक निळी होती, ती रिकामी. मी विचारलं, "काकू, निळा संपलाय वाटतं?"

"संपला."

"कधी?"

"परवा."

आता मी शहाणी झाले होते. पुढं काही विचारलं नाही.

काका-काकूंना मूल एकच. मुलगी कमळ, लातूरला दिलेली. तिची पत्रं मराठीत यायची. काकांची शाळा उर्दूची, मराठी त्यांना एकेक अक्षर लावत वाचावं लागे, काकूंना तर अक्षरच नाही. म्हणून पत्रं मी वाचायची आणि उत्तरं मी लिहायची. दर पत्रात एकच सूर: आई, बाबा, दुकान विका, इकडे या, माझ्यापाशी राहा. आणि दर उत्तरात काका मला सांगायचे, "लिही बेटी. पिट्ट्याची पोज तेवढी राहिलीये. मिळाली की आलोच." काकू शेजारी पानाला चुना लावत बसलेल्या. मान वर करायच्या नाहीत. मला वाटायचं, डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून.

माझा नुसता जळफळाट व्हायचा बघा. ह्यांना म्हणायची, "अहो, काय माणूस आहे हा! एका पाखरापायी बायकोला लेकीपासून तोडलंय." हे म्हणायचे, तू त्यात पडू नकोस. मी न पडणारी असते तर काय हवं होतं?

त्यात ती वर्षं याद्यांची. आपलं हैदराबाद राज्य मोडून त्याचे तीन तुकडे होणार, हे पक्कं झालं होतं. मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी मुलूख म्हैसुरात, तेलंगण आंध्रात. कचेरीच्या भिंतीवर रोज नवी यादी लागायची, कोण कुठं जाणार त्याची. हे रोज संध्याकाळी आले की मी चपला काढायच्या आत विचारायची, "लागलं का नाव?" गल्लीतली मराठी घरं एकेक करून सामान बांधायला लागली. आणि सगळ्यांना जाण्याआधी फोटो हवा. एका कचेरीच्या निरोपाच्या फोटोला मी ह्यांच्याबरोबर गेले होते. खुर्च्यांवर साहेबलोक, मागं कारकून, खाली शिपाई. काका काळ्या कापडात डोकं घालून जे राहिले ते अर्धा तास बाहेरच येईनात. साहेब ताठ बसून बसून दमले. मग मागचे कुजबुजायला लागले, एका शिपायाला हसू फुटलं, तो मेदककडचा म्हातारा कारकून रायचूरच्या पोराच्या खांद्यावर हात टाकून काहीतरी सांगायला लागला, आणि खट्. साहेब भडकले. कुणीच समोर बघत नव्हतं! काका म्हणाले, "साहेब, बगळे बी रांगेत बसतात. पण सगळे एकीकडं कधी बघतात?" तो फोटो कुणी परत केला नाही, हे मला माहीत आहे. आमच्याकडं त्याची एक प्रत अजून आहे.

याच सुमारास कमळचं मोठं पत्र आलं. दोन्ही बाजू भरून. आता लातूर मुंबई राज्यात जाणार, हैदराबाद आपलं राहणार नाही, ओळखीचे सगळे निघाले, तुम्ही दोघं म्हातारी तिथं कुणाच्या भरवशावर? मला दिवस गेले आहेत, आई जवळ हवी. ह्या दिवाळीला आलाच नाहीत तर मी समजेन की मला आईबाप नाहीत. मी पत्राची घडी घातली. काका उठून अंगणात गेले. काकूंनी पानाचं देठ खुडलं आणि म्हणाल्या, "बाळंतपणाला जाईन मी. महिनाभर. पुढचं पोज मिळाली की बघू म्हणून लिही."

झालं! मी ठरवलं, आता ही पोज मिळवूनच द्यायची.

दसरा आला होता. तिकडं दसऱ्याला पालापिट्टा दिसला की वर्ष चांगलं जातं म्हणतात. पक्षी धरणारे लोक पिंजऱ्यात पिट्टे घालून मोहल्ल्यांतून फिरतात, लोक दर्शन घेतात. त्या वर्षी तर जाणाऱ्या मंडळींची झुंबड. फोटोवाले पिंजऱ्याशेजारी माणसं उभी करून फोटो काढत होते. काकांनी मात्र दसऱ्याला दुकान बंद ठेवलेलं. मी ह्यांच्या मागं लागून एक पिट्टा पिंजऱ्यासकट विकत आणवला. माझा हिशेब साधा होता. खुंटीसमोर पिंजरा उघडायचा, पक्षी उडणार, उडताना पंख उघडणार, काका फुगा दाबणार, काकू लातूरला जाणार.

पिंजरा उघडला. पिट्टा बाहेर आला आणि चालायला लागला. कोंबडीसारखा, अंगणातून, तुळशीकडं. मी "हुश्श, हुश्श" करते तर तो नुसता पंख हलवल्यासारखं करी आणि पडे. जवळ जाऊन बघितलं तर पंखांची पिसं डिंकानं एकमेकांना चिकटवलेली. उडून जाऊ नये म्हणून.

काका झोपडीतून बाहेर आले. "हे कुणी केलं?"

"मी," म्हटलं. "म्हणजे डिंक नाही लावला. आणला मी. तुमच्यासाठी." आणि मला रडूच आलं.

वाटलं, आता घर सोडा म्हणतील. काका खाली बसले, सदरा काढून त्यात पक्षी हळूच गुंडाळला आणि काकूंना म्हणाले, "कोमट पाणी आण. आणि तुझा बारीक ब्रश."

मग सुरू झालं ते. काका धरून बसायचे आणि काकू रंगाच्या ब्रशानं एकेक पीस ओलं करून डिंक सोडवायच्या. एका वेळी दोन पिसं, त्याहून जास्त नाही, तो घाबरतो. गालांना गुलाबी लावणारा हात, काय हलका! मला शिक्षा मिळाली होती. पिट्टा खातो नाकतोडे, आणि ते धरायचे मी. नऊवारी खोचून मी मुसीकाठच्या गवतात उड्या मारत असायची. संध्याकाळी हे कचेरीतून आले की तेही रिकामी काडेपेटी घेऊन माझ्यामागं. असेच एकदा गवतात ओणवे असताना म्हणाले, "अगं, लागलं नाव. औरंगाबाद." मी म्हटलं, "थांबा हो, तुमच्या पायाशी एक आहे, तो धरा आधी."

सातव्या दिवशी पिट्ट्यानं पंख नीट उघडून मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर आल्यावर सोडायचं ठरलं. मी कॅमेरा मांडायला लावला. काका नको नको म्हणत होते, पण मी हट्टच धरला, फुगा त्यांच्या मुठीत दिला. काकांनी पिट्टा खुंटीवर ठेवला आणि चार पावलं मागं सरकले. लुगड्याआड गेले नाहीत, तसेच उघड्यावर उभे राहिले. तो बसला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग आमच्याकडं छाती करून दोन्ही पंख उघडले.

काय सांगू! तो निळा मी जन्मात विसरायची नाही. क्षणभर तो तसाच उभा, पंख पुरते उघडे, ऊन आरपार गेलेलं. हीच, हीच पोज! मी किंचाळले, "काका, दाबा! फुगा दाबा!"

काकांची मूठ सैलच होती. ते नुसते बघत होते, दोन्ही डोळे उघडे ठेवून. मी त्यांचे दोन्ही डोळे उघडे तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. पिट्टा उडाला, तारेवर गेला, तिथून नदीकडं.

"काका, फोटो!"

"हौ," काका म्हणाले. "राहिला." आणि हसले. मोठ्यानं! दुसरी अट त्यांनी स्वतः मोडली. हसत हसत दुकानावर निघून गेले.

मी स्वयंपाकघरात जाऊन काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. "काकू, गेली हो पोज. मुठीत होती नि घालवली. आता तुम्ही कशा जाणार लेकीकडं?"

काकूंनी मला रडू दिलं. मग पदरानं हात पुसले, उठल्या, ट्रंक उघडली. तळाशी लग्नातला शालू होता, त्याच्या घडीतून एक फोटो काढून माझ्या हातात दिला.

पिट्टा. खुंटीवर उतरणारा. दोन्ही पंख उघडे, छाती समोर. डाव्या पंखाचं टोक जरासं हललं होतं. आणि निळा, अख्खी बाटली ओतलेला निळा, एकेका पिसावर वेगळा.

"हा कधीचा?"

"परवाचा," काकू म्हणाल्या. मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "कमळी परकरात होती तव्हाचा."

माझं डोकं चालेना. "मग काका लिहायला सांगतात ते?"

काकू पानाचा डबा घेऊन बसल्या. "जावई पयल्यांदा बोलले ना, दुकान विका नि आमच्याकडं या, तव्हा हे घाबरून बोलून गेले, पिट्ट्याची पोज राहिलीये म्हणून. मी तिथंच होते. हा फोटो मीच रंगवलेला, निळा त्यातच संपला. मी बी गप बसले. झालं. तव्हापासून राहिलीच आहे पोज."

"तुम्ही दोघं यावर कधी बोललाच नाहीत?"

"काय बोलायचं?" काकूंनी पान दुमडलं. "लातुरात मी कमळीची आई. चांगलंच आहे की, महिनाभर लई चांगलं आहे. इथं मी रंगवाली अम्मा आहे ग माय. माझा हात आहे, ह्यांचं रान आहे. सगळं मोडून लेकीच्या ओसरीवर बसून ऱ्हायचं, ती वाढंल तव्हा जेवायचं? नाही होत माझ्यानं. पण लेकीला नाही कसं म्हणावं? नाही म्हटलं की तिला लागतं. पाखरावर ढकललं की कुणालाच लागत नाही."

आणि मी वेडी, त्या मान खाली घालायच्या ते रडू लपवायला, असं समजत होते. त्या हसू लपवत होत्या!

त्याच दुपारी मी कमळला पत्र लिहिलं. माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. आई बाळंतपणाला दोन महिने आधीच येते आहे. बाबांची पोज मात्र अजून मिळाली नाही. आणि कुणी न सांगता माझ्या पदरचं एक वाक्य घातलं: मी समक्ष उभी होते, अगदी थोडक्यात हुकली. काकांनी उत्तर ऐकलं आणि माझ्याकडं तो अर्धा डोळा करून बघितलं. म्हणाले, "बेटी, तिसरी अट आठवली. लुगड्यात बसलेल्या माणसाला, तो तिथं का बसलाय, ते विचारायचं नाही."

मग आम्ही औरंगाबादला आलो. काकू बाळंतपण करून हैदराबादला परतल्या आणि दोघं शेवटपर्यंत अंबरपेठेतच राहिली. कमळच्या मुलाला पुढं काकांनी सुट्टीत नाकतोडे धरायला शिकवलं, असं तिनंच मला एकदा कळवलं होतं.

आता ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. घरात मी एकटी. सकाळी समोरच्या तीन घरच्या सुना माझ्याकडं चकल्यांचं पीठ विचारायला येतात, दुपारी माझी पत्त्यांची बैठक असते, संध्याकाळी दोन पोरींना मी मराठी शुद्धलेखन शिकवते आणि चुकल्या की चांगली बोलते. लेक बडोद्याला. गुणाची आहे. दर रविवारी तिचा फोन येतो. परवाच्या रविवारी तर ती रडायलाच लागली. "आई, किती दिवस एकटी राहणार तू? विक ते घर. तुझी खोलीसुद्धा रंगवून ठेवलीये मी. तुला यायचंच नाहीये का?"

मला नाही म्हणवेना.

"येणार तर गं," मी म्हटलं. "एक पोज तेवढी राहिलीये. मिळाली की आलेच."

"पोज? कसली पोज?"

"पक्ष्याची. अगदी थोडक्यात हुकली बघ."

"आई, तू फोटो कधीपासून काढायला लागलीस?"

"परवापासून," मी म्हटलं.